खेळाडूंचे रखवालदार

(क्रीडास्पर्धेत खेळाडू, पंच आणि प्रशिक्षक सर्वांना दिसतात. मैदानाच्या कडेला बसलेल्या वैद्यकीय पथकाकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही. या पथकाचे आणि त्याच्या प्रमुखाचे काम कसे चालते, याची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, शालेय क्रीडास्पर्धा जवळ आल्या की आपल्या सोनपेठच्या शाळांची मैदाने जागी होतात. कोणी कबड्डीचा सराव करतो, कोणी खो-खोच्या खांबाला वळसा घालून धावतो, तर कोणी लाल मातीत कुस्तीचे डाव शिकतो. तालुक्यात जिंकलेला संघ परभणीला जिल्हास्पर्धेसाठी जातो. तेथे जिंकला तर विभागाच्या आणि पुढे राज्याच्या स्पर्धेत उतरतो. शेवटी निवड होऊन काही भाग्यवान मुले-मुली राष्ट्रीय स्पर्धेत खेळतात. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुला-मुलींसाठी ही पायऱ्यांची वाट आहे.

स्पर्धा संपली की सगळे पदकांचा हिशेब करतात. पण आणखीही एक हिशेब असतो. घरून निघालेली सगळी मुले धडधाकट घरी परतली का? कोणाचे हाड मोडले, कोणाला ऊन लागले, कोणाचे पोट बिघडले? हा दुसरा हिशेब ज्याला द्यावा लागतो, तो म्हणजे स्पर्धेच्या वैद्यकीय पथकाचा प्रमुख.

आपल्या राज्यातील पुणे शहराजवळ बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. १९९४ साली झालेल्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने ते उभे राहिले. १२ ते १८ ऑक्टोबर २००८ या काळात तेथे राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा झाल्या. ७१ देशांतील बाराशेहून अधिक तरुण खेळाडू पुण्यात आले होते. धावणे, पोहणे, कुस्ती, मुष्टियुद्ध, वेटलिफ्टिंग, नेमबाजी, बॅडमिंटन, टेनिस आणि टेबल टेनिस असे नऊ प्रकारचे खेळ झाले. पुढे जानेवारी २०१९ मध्ये याच संकुलात ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धा झाल्या. त्यांत १८ खेळ होते आणि १७ व २१ वर्षांखालील खेळाडू देशाच्या सर्व भागांतून आले होते. महाराष्ट्राने २२८ पदके मिळवून पहिला क्रमांक पटकावला.

आता विचार करा. एवढी मुले एका ठिकाणी राहतात, एका भोजनगृहात जेवतात आणि दिवसभर जिवाच्या करारावर खेळतात. जणू आठ-दहा दिवसांसाठी एक नवे गावच वसते. गाव म्हटले की दवाखाना हवाच. हा दवाखाना उभारणे, चालवणे आणि स्पर्धा संपल्यावर उठवणे, हे सारे पथकप्रमुखाचे काम असते. त्याच्या हाताखाली डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, औषधे देणारे, रुग्णवाहिकेचे चालक आणि प्रथमोपचार शिकलेले स्वयंसेवक असतात. फिजिओथेरपिस्ट म्हणजे व्यायाम, शेक, बर्फ, पट्ट्या यांच्या साहाय्याने दुखरे स्नायू आणि सांधे बरे करणारा तज्ज्ञ.

तरुण खेळाडूंची काळजी मोठ्या माणसांपेक्षा वेगळी असते. या वयात शरीर वाढत असते. हाडांच्या टोकांजवळ वाढीचा नाजूक भाग असतो. तेथे मार लागला आणि उपचार नीट झाले नाहीत तर पुढे हाताची किंवा पायाची वाढ वाकडी होऊ शकते. शिवाय संघातून नाव जाईल या भीतीने मुले दुखणे लपवतात. त्यांचे आईवडील शेकडो मैल दूर असतात. म्हणून उपचारासाठी पालकांची लेखी संमती, त्यांचा फोन क्रमांक, मुलाला असलेला दमा, मधुमेह, फिट येण्याचा आजार किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी, ही सारी माहिती आधीच घेऊन ठेवावी लागते.

या कामाचा मोठा भाग स्पर्धेच्या आधीच होतो. ‘या मैदानावर काय काय घडू शकेल?’ हा पथकप्रमुखाचा पहिला प्रश्न असतो. प्रत्येक खेळाचे धोके वेगळे असतात. कबड्डीत गुडघा आणि घोटा मुरगळतो. कुस्तीत खांद्याला व मानेला इजा होते. एकाच गादीवर अनेक जण लढत असल्यामुळे गजकर्णासारखे त्वचेचे रोगही पसरतात. मुष्टियुद्धात डोक्याला मार बसतो, तर पोहण्याच्या तलावात बुडण्याचे भय असते. हे धोके पाहूनच कोठे किती माणसे आणि कोणती साधने ठेवायची ते ठरते. मुष्टियुद्धात तर रिंगजवळ डॉक्टर बसल्याशिवाय लढत सुरू होत नाही.

यानंतर प्रमुख स्वतः मैदानाची पाहणी करतो. रुग्णवाहिका कोठे उभी राहील? ती कोणत्या फाटकातून बाहेर पडेल? त्या फाटकाला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे असेल? प्रेक्षकांची वाहने रस्ता अडवणार नाहीत ना? कोणत्या रुग्णालयात मेंदूची शस्त्रक्रिया होते, रक्तपेढी कोठे आहे, रात्री कोणते डॉक्टर हजर असतात? प्रश्न किरकोळ वाटतात, पण हरवलेल्या एका किल्लीपायी दहा मिनिटे वाया गेली तर माणूस दगावू शकतो. म्हणून अपघात झाला आहे असे समजून आधी रंगीत तालीम घेतली जाते. कोणी धावायचे, कोणी झोळी आणायची, कोणी फोन करायचा, हे प्रत्येकाला ठरवून दिलेले असते.

मुलांनो, तुम्ही घरी ‘एहतियात’ हा शब्द ऐकता. मराठीत त्यासाठी ‘खबरदारी’ हा शब्द आहे, आणि तोही तुमच्या ओळखीचाच आहे. मैदान, जखम, इजा, इलाज, दवाखाना हे शब्दही उर्दूत आणि मराठीत सारखेच नांदतात. वैद्यकीय पथकाच्या कामात इलाजापेक्षा खबरदारीला जास्त महत्त्व असते.

तरीही काही प्रसंग सांगून येत नाहीत. त्यांतील तीन फार गंभीर असतात. ते हृदय, ऊन आणि डोके यांच्याशी संबंधित असतात.

पहिला प्रसंग हृदयाचा. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगन शहरात डेन्मार्क आणि फिनलंड यांच्यात फुटबॉलचा सामना चालू होता. डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन हा खेळाडू कोणाचाही धक्का न लागता एकाएकी मैदानावर कोसळला. त्याचे हृदय बंद पडले होते. पथकाने धाव घेऊन छाती दाबण्यास सुरुवात केली आणि मैदानावरच यंत्राने विजेचा झटका दिला. त्याचे हृदय पुन्हा सुरू झाले. पुढच्याच वर्षी तो पुन्हा फुटबॉल खेळू लागला.

त्या यंत्राला एईडी म्हणतात. ते हृदयाची गती तपासते आणि झटका द्यावा की नाही हे स्वतःच सांगते. हृदय बंद पडल्यावर उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाबरोबर जगण्याची आशा सुमारे सात ते दहा टक्क्यांनी कमी होते. म्हणून हे यंत्र कपाटात कुलूपबंद ठेवून चालत नाही. यंत्र येईपर्यंत छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहावे लागते. ही क्रिया शाळेतील मोठ्या मुलांनाही शिकता येते.

दुसरा प्रसंग उन्हाचा. आपल्या परभणी जिल्ह्याला ऊन नवे नाही. ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यावरही दुपार चांगलीच तापते. अशा वेळी लांब पल्ल्याच्या शर्यतीत धावणाऱ्या मुलाच्या शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकते. मुलगा असंबद्ध बोलू लागतो, अडखळतो, चिडतो किंवा बेशुद्ध पडतो. अंगाला घाम असला तरी उष्माघात होऊ शकतो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. येथे डॉक्टर एक नियम पाळतात: आधी अंग थंड करा, मग रुग्णालयात न्या. त्यासाठी तंबूत बर्फाच्या पाण्याने भरलेले मोठे टब ठेवतात. टब नसेल तर सावलीत नेऊन अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि मान, काखा व जांघा येथे बर्फ ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

उन्हाचा, हवेतील दमटपणाचा आणि तापमानाचा एकत्र अंदाज देणारे एक यंत्र असते. त्यातील आकडा धोक्याचा दिसला तर पथकप्रमुख आयोजकांना शर्यत सकाळी किंवा संध्याकाळी घेण्यास सांगतो. पाहुणे येऊन बसले आहेत, मंडप सजला आहे, म्हणून भर दुपारी मुलांना धावायला लावणे योग्य नाही.

तिसरा प्रसंग डोक्याचा. तो सर्वांत फसवा असतो, कारण जखम दिसतही नाही. भारताचा क्रिकेटपटू रमण लांबा फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यात एक सामना खेळत होता. तो फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता क्षेत्ररक्षण करत होता. चेंडू त्याच्या डोक्यावर आदळला. तो स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर गेला. पण मेंदूत रक्तस्राव झाला होता. तीन दिवसांनी त्याचे निधन झाले.

दुसरे उदाहरण ऑगस्ट २०१९ मधले आहे. लॉर्ड्सच्या मैदानावर जोफ्रा आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. तपासणीनंतर तो पुन्हा फलंदाजीला आला. दुसऱ्या दिवशी मात्र त्याला चक्कर येऊ लागली. डॉक्टरांनी त्याला खेळण्यास मनाई केली आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन खेळला. मेंदूला धक्का बसल्यामुळे बदली खेळाडू घेण्याची कसोटी क्रिकेटमधील ती पहिलीच वेळ होती. मार लागल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही लक्षणे दिसू शकतात, हे यावरून कळते. म्हणून डोक्याला मार लागलेला तरुण खेळाडू ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी त्याला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये, असाच आता नियम आहे.

पथकप्रमुखाच्या कामाची खरी कसोटी येथे लागते. समजा, कबड्डीचा अंतिम सामना चालू आहे. दोन गुण हवे आहेत. संघाचा सर्वांत चांगला चढाईपटू डोके आपटून पडतो आणि उठून उभा राहतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. तो म्हणतो, “सर, मला काही झालेलं नाही. मला खेळू द्या.” प्रशिक्षक म्हणतात, “डॉक्टरसाहेब, फक्त पाच मिनिटं राहिली आहेत.” डॉक्टर मुलाला विचारतात, “बेटा, आधीचा सामना कोणाशी झाला?” मुलाला आठवत नाही. अशा वेळी डॉक्टरांनी काय करावे?

त्यांनी ‘नाही’ म्हणावे. संघ हरेल, लोक नावे ठेवतील, मुलगा रडेल. तरीही त्यांनी ‘नाही’ म्हणावे. पदक पुढच्या वर्षी मिळू शकते, मेंदूला झालेली इजा कायमची राहू शकते. हे ‘नाही’ म्हणणे सोपे व्हावे म्हणून शहाणा पथकप्रमुख स्पर्धेपूर्वीच आयोजकांकडून लिहून घेतो की, खेळाडूने खेळावे की नाही याबाबत डॉक्टरांचा शब्द अखेरचा राहील. तेथे प्रशिक्षकाचे, पाहुण्यांचे किंवा पालकांचेही चालणार नाही. ज्याला सामन्याच्या निकालाशी काही देणेघेणे नाही, तोच असा निर्णय नीट देऊ शकतो.

औषध देतानाही पथकाला फार जपावे लागते. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये रुमानियाची १६ वर्षांची जिम्नॅस्ट आंद्रेया रादुकान हिने सुवर्णपदक जिंकले. तिला सर्दी झाली होती आणि संघाच्या डॉक्टरांनी तिला साधी गोळी दिली होती. त्या गोळीत स्यूडोएफेड्रिन नावाचे द्रव्य होते आणि त्या काळी खेळाडूंना ते वर्ज्य होते. मुलीचे पदक काढून घेतले गेले. चूक मोठ्या माणसाची होती, पण पदक मुलीचे गेले. आपल्या देशात उत्तेजक द्रव्यांची तपासणी ‘नाडा’ ही राष्ट्रीय संस्था करते. म्हणून खेळाडूने कोणतेही औषध, मग ते ताकद वाढवणारी भुकटी का असेना, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. डॉक्टरांनीही वर्ज्य द्रव्यांची यादी पाहिल्याशिवाय देऊ नये.

कुस्तीच्या मुलांत आणखी एक वाईट सवय असते. वजनाच्या गटात बसण्यासाठी ती जेवण सोडतात, पाणी पीत नाहीत आणि जाड कपडे घालून घाम काढतात. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत अशा रीतीने वजन उतरवताना महाविद्यालयीन वयाचे तीन कुस्तीगीर काही आठवड्यांच्या अंतराने मरण पावले. त्यानंतर तेथील नियम बदलले. सुकलेले ओठ, खोल गेलेले डोळे आणि थकलेली चाल पाहून पथकातील डॉक्टर असे मूल ओळखतात आणि त्याला बाजूला घेऊन समजावतात.

मोठ्या स्पर्धेत दूषित पाणी आणि शिळे अन्न यांमुळे एका रात्रीत संपूर्ण संघ आजारी पडू शकतो. त्यामुळे पथकप्रमुख भोजनगृहाचीही पाहणी करतो. पाणी शुद्ध केले आहे का, स्वयंपाकी हात धुतात का, अन्न झाकलेले आहे का, हे तो पाहतो. जुलाब झाल्यास क्षारसंजीवनी देतात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच साधे पेय पाजून असंख्य जीव वाचवले. त्याचे पाकीट मिळाले नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते घरीही तयार करता येते. चमचा चहाचा असावा.

प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणे हाही या कामाचा भाग आहे. कोणत्या खेळात, कोणत्या वेळी, कोणती इजा झाली हे लिहिल्यामुळे पुढच्या वर्षीची तयारी सुधारते. पण एखाद्या खेळाडूचा आजार दुसऱ्या संघाला किंवा वार्ताहरांना सांगायचा नसतो. मुलींना आपली दुखणी मोकळेपणाने सांगता यावीत म्हणून पथकात स्त्री-डॉक्टर आणि परिचारिका असाव्या लागतात. एवढी सोय नसली तर कित्येक मुली वेदना सोसत खेळतात आणि बोलत नाहीत.

तुम्ही म्हणाल, “बालेवाडीला हे सारे शोभते. आमच्या सोनपेठच्या मैदानावर एवढे डॉक्टर कोठून येणार?” मित्रांनो, यातील पुष्कळ गोष्टींना पैसा लागत नाही. सामन्याआधी मैदानातील दगड, काचा आणि काटे वेचता येतात. पिण्याच्या पाण्याचे माठ आणि सावली यांची सोय करता येते. एका पेटीत स्वच्छ कापड, पट्ट्या, कापूस, जंतुनाशक, कात्री, बांधण्यासाठी लाकडी पट्ट्या आणि क्षारसंजीवनीची पाकिटे ठेवता येतात. जवळच्या सरकारी दवाखान्याला स्पर्धेची तारीख आधी कळवता येते. २०१४ सालापासून महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका मोफत येते. हा क्रमांक मैदानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवता येतो. एका शिक्षकांकडे आणि दोन मोठ्या मुलांकडे हे काम सोपवले की सोनपेठचे पथक तयार झाले.

काय करू नये हेही पथकाला ठाऊक हवे. मुरगळलेला पाय चोळू किंवा ओढू नये. रक्त वाहत असेल तर त्यावर हळद किंवा माती टाकू नये, स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे. मानेवर पडलेल्या मुलाला उचलून बसवू नये, त्याचे डोके स्थिर धरून मदत येईपर्यंत थांबावे. आणि डोक्याला मार लागलेल्या मित्राला “ऊठ, खेळ” म्हणू नये.

पुढच्या वेळी तुम्ही स्पर्धेला जाल, तेव्हा मैदानाच्या कडेला बसलेल्या त्या माणसांकडे जरूर पाहा. दिवसभर त्यांना काहीच काम पडले नाही, तर ती बसून राहिली असे समजू नका. त्यांचे निम्मे काम आधीच झालेले असते. ज्या दिवशी त्यांच्या वहीत फारसे काही लिहावे लागत नाही आणि सगळी मुले हसत-खेळत एस.टी.त बसून आपापल्या गावी परततात, तोच त्यांच्या दृष्टीने विजयाचा दिवस असतो.

शब्दार्थ

पथक – तुकडी, गट
परिचारिका – नर्स
संमती – परवानगी, इजाजत
रंगीत तालीम – प्रत्यक्ष कार्यक्रमापूर्वीचा पूर्ण सराव
असंबद्ध – एकमेकांशी मेळ नसलेले
रक्तस्राव – रक्त वाहणे
वर्ज्य – मनाई असलेले
निर्वासित – घरदार सोडून दुसरीकडे आश्रय घेतलेले लोक

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा पुण्यात कोणत्या साली झाल्या?
(आ) उष्माघातात डॉक्टर कोणता नियम पाळतात?
(इ) आंद्रेया रादुकानचे पदक का काढून घेतले गेले?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) तरुण खेळाडूंची वेगळी काळजी का घ्यावी लागते?
(आ) खेळाडूने खेळावे की नाही याबाबत डॉक्टरांचा शब्द अखेरचा का असावा?

३. उर्दूत आणि मराठीत सारखे असलेले पाच शब्द पाठातून शोधा व त्यांचा वाक्यांत उपयोग करा.

४. तुमच्या शाळेच्या क्रीडास्पर्धेसाठी प्रथमोपचार पथक नेमायचे आहे. त्याची तयारी कशी कराल ते दहा ओळींत लिहा.